पांढऱ्या दाण्याला नख लावू नका

नाकाडोंगरी, गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग या पट्ट्यात ज्यांच्या घरी नुकतंच बाळ जन्मलं आहे, किंवा येत्या महिन्यांत जन्मणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुनेनं वाचावं. मुलानंही वाचावं. आणि आजीला तर नक्की वाचून दाखवावं, कारण बाळाच्या तोंडात पहिलं बोट तिचंच जातं.

बाळ रडतं किंवा जांभई देतं, तोंड मोठं उघडतं आणि आत काही तरी पांढरं दिसतं. कधी टाळूच्या मधोमध, कधी हिरडीवर. आकार तांदळाच्या कणीएवढा, कधी त्याहूनही बारीक. एखादाच दाणा असतो, कधी पाच-सहा असतात. बोट लावलं तर टणक लागतो. पुसला तर निघत नाही.

मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं दात आले. कुणी म्हणतं पू झाला. कुणी म्हणतं, हिनं दिवस गेलेले असताना काही तरी भलतंच खाल्लं असेल. शेजारची मावशी बघायला येते आणि सांगते, "नखानं फोडून टाका. त्याच्यापायीच दूध ओढत नाही ते."

नका फोडू.

हा रोग नाही. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाची टाळू, म्हणजे तोंडाचं छत, तयार होत असते. डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन भाग वाढत येतात आणि मधोमध जुळतात. जुळताना त्या सांध्यात कातडीचे बारीक कण अडकून राहतात. आपली नखं आणि कातडीचा वरचा थर ज्या पदार्थाचा असतो, त्याच पदार्थानं हे कण आतून भरतात. म्हणून ते पांढरे दिसतात आणि हाताला टणक लागतात. आत ना पू असतो, ना किडा.

हिरडीवरच्या दाण्यांचंही तसंच. पुढे जिथून दात उगवणार, ती पट्टी पोटातच तयार होते. दातांचे कोंब बसले की तिचं काम संपतं, पण तिचे उरलेसुरले तुकडे हिरडीत राहतात. त्यांचे दाणे होतात.

डॉक्टरांना हे फार जुनं माहीत आहे. हाइनरिश बोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६६ साली लिहिलं. मग १८८० मध्ये अलोइस एपस्टाइन यांनी लिहिलं. ते प्रागच्या अनाथ बाळांच्या दवाखान्यात काम करत, त्यामुळे रोज कितीतरी नवजात बाळांची तोंडं बघत. टाळूवरच्या दाण्यांना आजही 'एपस्टाइनचे मोती' म्हणतात. तुमच्या कागदावर डॉक्टर 'एपस्टाइन पर्ल्स', 'बोन्स नोड्यूल्स' किंवा 'डेंटल लॅमिना सिस्ट' असं काही लिहितील. सिस्ट वाचून हातपाय गाळू नका. मोठ्या माणसाच्या पोटात निघणारी गाठ आणि हा दाणा यांचा काही संबंध नाही.

नवजात बाळांची तोंडं नीट तपासली, तर निम्म्याहून जास्त बाळांत असे दाणे सापडतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी, दिवस भरलेल्या बाळात जास्त. म्हणजे तुमच्या घरी दिसले ते शेजारच्या घरीही होते. तिथं कुणी तोंडात पाहिलं नाही, इतकंच.

ते आपले आपण जातात. काही आठवड्यांत जातात, जास्तीत जास्त तीनेक महिने लागतात. दूध ओढताना घासून फुटतात आणि आतला कण पोटात जातो. बाळाला कळतही नाही. औषध नाही, मलम नाही, सुई नाही, पथ्य नाही.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. पण दाणा जितका निरुपद्रवी, तितके आपले हात निरुपद्रवी नाहीत. म्हणून पुढचं लिहावं लागतं.

आधी सुनेबद्दल. तिनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, सुपारी खाल्ली की आंबट खाल्लं, याचा या दाण्यांशी काडीचा संबंध नाही. तिच्या दुधाशीही नाही. बाळंतिणीला बोल लावला की ती रडते, जेवत नाही, आणि बाळाला पाजताना बिचकते. दाण्यानं झालं नसतं ते नुकसान असं होतं.

मग कुणी तरी म्हणतं, "तोंड दुखत असंल, अंगावर नको पाजू." बाटली येते. शेळीचं दूध येतं. साखरपाणी येतं. आईचं दूध ओढलं गेलं नाही की ते आटत जातं, आणि बाटली नीट उकळलेली नसते म्हणून बाळाला हगवण लागते. आठ दिवसांत बाळ वाळून जातं. घरातले सांगतात, "ते तोंडातल्या फोडानं झालं." फोडानं नाही झालं. अंगावरचं दूध तोडल्यानं झालं.

तेव्हा दाणे असोत नसोत, पाजत राहा. पहिल्या तासात चीक पाजा, तो काढून टाकू नका. रात्रीही पाजा. दाण्यांमुळे बाळाला दुखत नाही आणि आईलाही टोचत नाही.

आता नखाबद्दल.

नख कितीही कापलेलं असलं तरी त्यात घाण असते. आपल्याकडे तर दिवसभर कुणाच्या हातात खर्रा असतो, कुणाच्या बोटाला गुडाखू. चुना-तंबाखूचं तेच बोट लुगड्याला पुसून बाळाच्या तोंडात जातं. त्यानं हिरडी सोलली की त्या जखमेतून जंतू थेट रक्तात. दहा दिवसांच्या बाळाला जंतूंशी लढायची ताकद नसते. सकाळी खेळणारं बाळ संध्याकाळी मलूल पडतं.

दुसरी गोष्ट रक्ताची. नव्या बाळाच्या अंगात के जीवनसत्त्व फार कमी असतं, आणि त्याशिवाय रक्त गोठत नाही. म्हणून दवाखान्यात बाळंतपण झालं की बाळाच्या मांडीत लगेच त्याची एक सुई देतात. घरी बाळंतपण झालं असेल तर ती सुई राहून जाते. अशा बाळाची हिरडी खरवडली तर रक्त थांबता थांबत नाही.

सुई, काटा, ब्लेड यांचं तर नावच काढू नका. धनुर्वातानं बाळं जायची ते दिवस म्हाताऱ्यांना आठवत असतील. गरोदर बायांच्या लसी आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे २०१५ मध्ये आई-बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. गंजलेल्या सुईनं तो घरी परत आणायचं कारण नाही.

आणि हे असं फक्त आपल्याच गावात होतं असं समजू नका. युगांडा, टांझानिया, इथिओपिया या देशांत काही घरांत बाळाला ताप किंवा हगवण लागली की हिरडीतले पांढरे फुगवटे म्हणजे किडे आहेत असं समजून उकरून काढतात. ते किडे नसतात. हिरडीखाली वाढणारे दुधाच्या दातांचे कोंब असतात. सायकलच्या तारेनं, चाकूनं काढतात. बाळं रक्त जाऊन आणि जंतू होऊन मरतात. वाचली त्यांचे पुढचे दात वाकडे येतात, नाही तर येतच नाहीत. आपल्या मेळघाटात पोट फुगलं म्हणून बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात. दोन्हीकडे करणारा माणूस मायेचाच असतो. आजीच असते बहुतेक. म्हणूनच मी रागावून लिहीत नाही.

मध, मीठ, हळद, टाकणखार यातलं काही चोळू नका. टाकणखाराची लाही मधातून लावायची हा उपाय जुन्या घरांत तोंडपाठ आहे. मोठ्यांच्या तोंडाला कुणी लावला असेल, पण बाळाला तो विषारी आहे. दुसऱ्या देशांत मध-टाकणखार चोखणीला लावून दिला तेव्हा बाळांना झटके आल्याची नोंद आहे. नुसता मधही वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवू नये. त्यातल्या एका जंतूनं तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

काही घरी न्हाऊ घालणारी बाई तोंडात बोट घालून टाळू वर उचलते. डोक्यावरची टाळू खोल गेली की आतून दाबतात. डोक्यावरची टाळू खोल जाणं ही बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण आहे. आतून दाबून पाणी भरत नाही. बाळाला पाजा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. न्हाऊ घालणाऱ्या बाईला मालिशीची मोकळीक द्या, तोंडाची देऊ नका. तिला राग येईल. येऊ द्या.

मग तोंडात पाहायचंच नाही का? पाहा ना. जरूर पाहा. फक्त बोटानं नाही, डोळ्यानं.

सकाळी दारात उजेडाला बसा. बाळाला मांडीवर घ्या, डोकं किंचित मागे. हनुवटी अंगठ्यानं हलकेच खाली करा, किंवा जांभईची वाट पाहा. बाळ फार वाट पाहायला लावत नाही. मोबाइलची बॅटरी डोळ्यांवर मारू नका, बाजूनं धरा. टाळू पाहा, दोन्ही हिरड्या पाहा. रडलं की जीभ उचलते, तेव्हा जिभेखाली पाहा. अर्धं मिनिट पुरे.

पांढरा, गोल, जागेवर घट्ट, आजूबाजूची हिरडी गुलाबी, बाळ दूध पितंय: दाणा आहे. सोडून द्या.

पांढरा थर जिभेवर आहे आणि ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसला की जातो: दूध आहे. सोडून द्या.

थर जिभेवर आणि गालाच्या आत आहे, पुसून निघत नाही, खाली लाल दिसतं आणि बाळ पाजताना रडतं: ही बुरशी आहे. हिला औषध लागतं. बाळाच्या तोंडात आणि आईच्या बोंडाला दोन्हीकडे लावायचं असतं, नाही तर एकाचं दुसऱ्याला होत राहतं. आरोग्य केंद्रात मिळतं.

टाळूलाच भेग आहे, आणि दूध नाकातून परत येतं: लगेच दाखवा. ओठ नीट असला तरी आतली टाळू फाटलेली असू शकते, आणि तोंडात कुणी पाहिलंच नाही तर महिनाभर कळत नाही. याची शस्त्रक्रिया होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्यात ती फुकट होते. तोवर बाळाला कसं पाजायचं तेही तिथं शिकवतात.

आता दाताबद्दल सविस्तर सांगते, कारण घोळ इथंच जास्त होतो.

खरोखर दात घेऊन जन्मणारं बाळ असतं. विरळा असतं. दोन-तीन हजार बाळांत एखादं. काहींचा दात पहिल्या महिन्यात वर येतो. बहुतेक वेळा खालच्या हिरडीत, पुढे. दाणा गोल असतो, दाताला कड असते. दाणा हलत नाही, हा दात बहुधा हलतो, कारण त्याला मूळ नीट धरलेलं नसतं. तो हलतो की नाही हे पाहायला ओढू मात्र नका. जीभ लागली तरी दिसतं.

असं लेकरू जन्मलं की म्हणतात मामावर येतं. मामाला काही होत नाही. झालंच तर त्याच्या मोटरसायकलीवरून तुमसरला एक फेरी पडते. ती त्यानं आनंदानं करावी.

फेरी का? दात फारच हलत असेल तर तो निखळून बाळाच्या श्वासनळीत जाण्याची भीती असते. कड धारदार असेल तर जिभेच्या खालच्या बाजूला घासून जखम होते. मग बाळ पीत नाही, आणि आईलाही चावा बसतो. डॉक्टर पाहून ठरवतात. कड टोचत असेल तर दातांचे डॉक्टर ती घासून गुळगुळीत करतात. घट्ट असेल आणि कुणाला त्रास नसेल तर तसाच ठेवतात.

काढून टाकायची घाई तुम्ही करू नका, सोनार, न्हावी, वैदू कुणाकडूनही करवून घेऊ नका. हा दात बहुतेक वेळा जादा नसतो. बाळाचा दुधाचाच दात लवकर आलेला असतो. काढला की त्या जागी पुढचा दात सहा-सात वर्षांनीच. शिवाय काढताना रक्ताचा प्रश्न आहेच. डॉक्टर आधी विचारतात, के जीवनसत्त्वाची सुई दिली होती का? दिली नसेल तर आधी ती देतात, किंवा बाळ दहा दिवसांचं होईपर्यंत थांबतात. म्हणून जन्माच्या वेळचा कागद जपून न्या.

कधी तोंडात इतरही गाठी दिसतात. जिभेखाली निळसर, पाणी भरल्यागत फुगवटा दिसला तर तो लाळेच्या नळीचा असतो. हिरडीला लोंबणारा गुलाबी मांसाचा गोळा फार क्वचित दिसतो, दिसला तर मुलींत जास्त आणि वरच्या हिरडीला. दोन्ही दाखवावे लागतात. पण रात्रीच धावायची गरज तेव्हाच, जेव्हा बाळाला दूध घेता येत नाही किंवा श्वास नीट चालत नाही.

आणि ज्या गाठीला मी खरी भिते, ती तुम्हाला दिसणारच नाही.

ती जिभेच्या अगदी मुळाशी असते, घशाच्या तोंडावर. फार थोड्या बाळांत असते, पण असली तर वाट अडवते. कितीही उजेड धरा, दिसत नाही. ती ऐकू येते. बाळ श्वास आत घेताना घर्र असा चढा आवाज येतो. उताणं झोपवलं की वाढतो. पाजायला घेतलं की बाळ दोन घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. ओठ निळसर होतात. वजन चढत नाही.

आता कुणी म्हणेल, आमचं बाळ तर रोजच घुरघुरतं. खरं आहे. नाक चोंदून बऱ्याच बाळांचा आवाज येतो. ते बाळ दूध पोटभर पितं, शांत झोपतं, अंग धरतं. त्याची काळजी नको. पण आवाज घशातून, श्वास आत ओढताना, आणि पिताना दम लागत असेल, तर "सर्दी आहे, शेक द्या" म्हणून दिवस काढू नका. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो. ते बारीक दुर्बीण घशात घालून बघतात. गाठ निघाली तर शस्त्रक्रियेनं मोकळी करतात आणि बाळाचा श्वास सुटतो. ही सोय नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असते. आरोग्य केंद्रात सांगा, ते चिठ्ठी देतील.

मला नेहमी वाटतं, आपण डोळ्यांना दिसतं त्यालाच भितो. पांढऱ्या दाण्यासाठी सारी आळी गोळा होते, आणि बाळ दोन दिवस नीट प्यालं नाही हे कुणाच्या बोलण्यात येत नाही. तेव्हा दाणे मोजत बसू नका. ही बाकीची मोजणी करा:

बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं का?

पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं का?

शांत असताना एका मिनिटाला श्वास किती? घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजा. साठ किंवा त्यावर गेले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तितकेच आले तर निघा.

बाळ पीत नाही, छाती आत ओढली जाते, निळं पडतं, अंग तापलंय किंवा थंडगार पडलंय, उठवलं तरी उठत नाही, झटका आला, कुठूनही रक्त थांबत नाही. यातलं एकही असलं तर कुणाचा सल्ला घेत बसू नका. गाडी बोलवा.

गाडीसाठी १०८ किंवा १०२ लावा. बाळाच्या उपचाराचे पैसे सरकारी दवाखान्यात लागत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ च्या जूनमध्ये सुरू झाला. बाळ आजारी पडलं तर घरून नेणं, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, औषध, रक्त, तपासण्या, परत आणून सोडणं, सगळं त्यात आहे. आधी तो महिनाभराच्या बाळापुरता होता, नंतर वर्षापर्यंतच्या बाळाला लागू झाला. कुणी पैसे मागितले तर "जननी शिशु" एवढं नाव घ्या. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

वाटेत बाळाला उघडं नेऊ नका. आईच्या उराशी, कातडीला कातडी लावून, वरून फडकं. दूध ओढत असेल तर वाटेतही पाजा.

साध्या शंकेसाठी मात्र गाडीची गरज नाही. आशाताई आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हवी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत कुठून आली माहीत आहे? आपल्या शेजारच्या गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापून आलं. पुढे सरकारनं तीच पद्धत देशभर घेतली. म्हणजे आशाताई पिशवी घेऊन दारात येते, तेव्हा तिच्यामागे बरंच काही उभं असतं. तिला ओसरीवरून परत पाठवू नका. बाळ झोपलं असेल तर बसवा, चहा द्या, उठलं की तिच्याकडून तोंड पाहून घ्या, वजन करून घ्या.

आशाताईनं सांगितलं "दाणाच आहे" तर विश्वास ठेवा. तिला शंका वाटली तर आरोग्य केंद्र, तिथून तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, मग भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय. दातांचा प्रश्न असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, तिथं लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

भंडाऱ्याचं नाव काढलं की काही जण गप्प होतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. जिल्ह्यात ते कुणी विसरलेलं नाही, आणि विसरूही नये. भीती वाटते म्हणणाऱ्याला मी वेडं ठरवणार नाही. पण श्वास अडकलेल्या बाळाला त्या भीतीपोटी घरी ठेवलं, तर घरी त्याच्यासाठी काही नसतं. आत गेल्यावर विचारा, रात्री कक्षात कोण असतं, आम्ही कुठं बसायचं. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

रोवणीच्या दिवसांबद्दल वेगळं सांगायला हवं. पाऊस लागला की आई लवकर बांधीत उतरते. बाळंत होऊन दीड-दोन महिने झालेले असतात, हाताला मजुरी हवी असते, नाही म्हणता येत नाही. बाळ आजीकडे राहतं, किंवा आठ-दहा वर्षांच्या ताईकडे. मोकळा वेळ असतो आणि बाळ रडत असतं, नेमकं तेव्हाच कुणी तरी तोंडात बोट घालतं. बांधीत जाताना आजीला आणि ताईला दोघींनाही सांगून जा: रडलं तर मला हाक मारा, नाही तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजा. तोंडाला हात लावायचा नाही. आईचं दूध स्वच्छ वाटीत, झाकून, सावलीत चारेक तास टिकतं. फार उकाडा असेल तर त्याआधीच संपवा. पऱ्हे काढायला गेलात तर दुपारी एकदा येऊन पाजता येतं का बघा. शेतमालकानं त्याला हरकत घेऊ नये. घेतली तर बाकीच्या बायांनी बोलावं.

नाल्याला पूर आला तर गाडी अडते. ज्यांची घरं नाल्यापलीकडे आहेत त्यांनी बाळंतपणाची तारीख पावसात येत असेल तर आधीच अलीकडे नातेवाइकांकडे येऊन राहावं.

आपल्याकडे बऱ्याच घरांच्या सुना बावनथडीपलीकडच्या, कटंगीकडच्या. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे मध्य प्रदेशात. मग बाळ सव्वा महिन्याचं होऊन इकडे येतं. तिकडची आशा समजते इकडचीनं पाहिलं, इकडची समजते तिकडचीनं. मध्ये बाळाकडे कुणीच पाहत नाही. तेव्हा माहेरी जाण्याआधी इकडच्या आशाताईला सांगा. तिकडे पोहोचलात की दोन दिवसांत तिकडच्या आशेला गाठा. लसीचं कार्ड, जन्माचा कागद आणि के जीवनसत्त्वाच्या सुईची नोंद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळासोबतच ठेवा. तोंडात काही दिसलं असेल तर उजेडात मोबाइलवर एक फोटो काढून तारखेसह ठेवा. महिन्यानं दुसरा काढा. दाणा कमी झाला की वाढला हे डॉक्टरला त्यावरून कळतं, आणि शेजारच्या मावशीलाही दाखवता येतं.